मोकळिका नसलेली बाई

सार्वजनिक नळावर इंदुमतीची कळशी आज पुन्हा कुणीतरी लाथाडली होती. काल तिला धाप लागली, कारखान्याची भट्टी विझवावी लागली आणि कामगारांची हजेरी बुडाली. भानापूरचा जुना नियमच होता: वस्तीत एकाला जरी धाप लागली, तरी हवा वाईट समजायची आणि भट्टी बंद करायची. आता धाप लागणारं माणूस एकच उरलं होतं. बाकी साऱ्यांनी मोकळिका बसवून घेतल्या होत्या.

मोकळिका म्हणजे श्वासनळीच्या अस्तरात रुजवलेल्या जिवंत पेशी. नळी आवळू लागली, की त्या तिथल्या तिथे औषध पाझरतात आणि नळी मोकळी होते. फवारा नको, गोळी नको. दमा गावातून असा हद्दपार झाला, की डॉक्टरांचा सत्कारही उरकला. इंदुमती तेवढी अडून बसली होती. परका जीव छातीत रुजवून घ्यायला तिचं मन धजत नव्हतं.

"बसवून टाक की गं एकदाचं! तुझ्या छातीपायी आमच्या पोटावर पाय का?" शेजारची वत्सला खेकसली.

इंदुमती तडक दवाखान्यात गेली. मोकळिकांचा शोध लावणारे डॉ. उपासनी तिथेच बसत.

"बसवा," ती म्हणाली. "जीव नकोसा केलाय मेल्यांनी."

उपासनींनी पडद्यावर तिच्या फुप्फुसांचं चित्र लावलं, शेजारी वत्सलाच्या फुप्फुसांचं. इंदुमतीची स्वच्छ होती. वत्सलाची तळापर्यंत काळी.

"दमा मला, आणि काळी तिची?"

"विषारी धूर आला की नळी आवळते. माणूस धापा टाकत तिथून पळ काढतो. तुमच्या नळीनं दार लावून घेतलं. त्यांचं दार माझ्या मोकळिकांनी सताड उघडं ठेवलं."

"मग काढा की त्यांच्या."

"अस्तराशी एकजीव झाल्यात, निघत नाहीत. सांगायला गेलो, तर लोक माझ्याच अंगावर धावून आले. तुमच्यामुळे भट्टी बंद पडते, तेवढीच त्यांना बरी हवा. बसवू नका, बाई. राहा इथेच."

इंदुमतीला आपल्या दारावर वस्तीनं फासलेलं शेण आठवलं. ह्यांच्यासाठी आपण छाती फोडून घ्यायची? तिला साऱ्यांचा मनापासून तिटकारा आला.

बाहेर घोळका उभाच होता. "बसवलंस?" वत्सलानं विचारलं.

"बसवलं," ती खोटंच म्हणाली, आणि घरी जाऊन तिनं ट्रंक भरली.

तिला घेऊन दुपारची एसटी निघाली, तेव्हा कारखान्याची तिन्ही धुराडी पूर्ण जोरात ओकू लागली होती. वस्तीत जल्लोष चालला होता. पोरं त्या धुरातच खेळायला उतरली. कुणाला साधा ठसकासुद्धा लागला नाही.