बिननावाची हाक

"तीन दिवस नुसतं झोपू द्या," असं डॉक्टरीणबाईंनी आईच्या कागदावर लिहून दिलं होतं. गोळ्यांच्या नावांखाली, दोनदा रेघ ओढून. तोंडी सांगितलं असतं तर बापानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं, हे बाईंनी त्याच्याकडे एकदाच बघून ओळखलं असावं.

म्हणून ते तिघं समुद्रकाठच्या त्या गावात आले. आई, बाप आणि साहेब. साहेब म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, वय बावीस. तिसऱ्या वर्षाला त्यानं कॉलेज सोडलं, त्या दिवसापासून बापानं त्याचं खरं नाव टाकून दिलं होतं. "उठा साहेब, दहा वाजले. जग खोळंबलंय तुमच्यासाठी." सहलीची कल्पना मात्र साहेबाची होती. घरी आई झोपूच शकत नाही, हे त्याला माहीत होतं. घरात तिला झोप लागली की कुणाला तरी तहान लागते.

हॉटेल एका बड्या रिसॉर्टच्या पाठीमागच्या गल्लीत होतं. पाटीवर 'समुद्र पाच मिनिटांवर' असं लिहिलेलं. कुणाच्या पायांनी मोजलं होतं देव जाणे. रिसॉर्टचं तोंड समुद्राकडे आणि ढुंगण या हॉटेलाकडे. भिंतभर एसीची यंत्रं दिवसरात्र गरम वाफा ओकत असायची. काउंटरवरच्या माणसाच्या छातीवर नावाची मोठी पट्टी होती. त्यानं किल्ली पुढे सरकवली आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं, "गरम पाणी सात ते नऊ. वाळूचे पाय बाहेर धुवा. खोलीत एकमेकांना नावानं हाक मारा. नाश्ता दहापर्यंत."

"नावानं म्हणजे?" बाप म्हणाला.

"नाव घेऊन. अगं, अहो, ए... असं नको."

"बायकोला नावानं? अठ्ठावीस वर्षांत घेतलं नाही, आता काय तुमच्यासाठी घेऊ?" बाप स्वतःच्याच विनोदावर हसला. काउंटरवरचा माणूस हसला नाही. त्याला तेवढं त्राण नव्हतं. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खोली नऊ नंबरची. तळमजला, मागची बाजू, तीन पलंग, एक न्हाणीघर. खिडकीबाहेर चादरी वाळत घालायचं अंगण होतं. हवा अशी दमट की दोरीवरची एकही चादर हलत नव्हती. साबणाचा आणि न वाळलेल्या कापडाचा वास खोलीत भरून राहिला होता. आई खिडकीजवळच्या पलंगावर "पाच मिनिटं पडते" म्हणून आडवी झाली. पायातल्या चपलांचे पट्टेही तिनं सोडले नाहीत.

बापानं खुर्ची पंख्याखाली ओढली आणि वर्तमानपत्र उघडलं. साहेब टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी पोचला होता, तेवढ्यात मागून ती हाक आलीच.

"अगं, पाणी."

"आणते," आईचा आवाज आला.

साहेबाच्या डोक्यात तिडीक गेली. पाठ टेकून दहा मिनिटं झाली नव्हती. मागे वळला असता तर तोंडातून काय निघालं असतं याची त्यालाच खात्री नव्हती, म्हणून तो दार आपटून समुद्रावर निघून गेला.

दोन तासांनी परत आला तर आई तशीच झोपलेली. कूस तीच, चपला पायात, पट्टे लागलेले. बाप चहा पीत होता. तिघांचे कपडे पिशव्यांतून निघून कपाटात घड्या होऊन बसले होते.

"झोपू नाहीच दिलंत ना तिला?"

"मी कुठे उठवलं? तिची ती उठली, करून परत झोपली. सवय असते बायकांना." बापानं घोट घेतला. "चहा मात्र आज झकास झालाय."

न्हाणीघरापासून बापाच्या खुर्चीपर्यंत फरशीवर पावलं उमटली होती. ओली, अनवाणी. ती खुर्चीपर्यंत येत होती आणि परत न्हाणीघरात जात होती. आईच्या पलंगाकडे एकही वळलेलं नव्हतं. साहेबानं ती पाहिली. पाहून, खाऱ्या पाण्यानं भिजलेला शर्ट काढून फरशीवर टाकला आणि तोही झोपला.

सकाळी तो शर्ट धुऊन, वाळून, इस्त्री केल्यासारखा त्याच्या उशाशी होता. असल्या हवेत रुमाल वाळायला दोन दिवस लागतात. पण शर्ट नाकाला लावून साहेबाला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. बापावर दात खाणारा हा पठ्ठ्या. शर्ट आपोआप धुतला गेला की त्यालाही बरं वाटायचं. बापाचं रक्त ते, जाणार कुठे?

आई मधेच जागी झाली. त्यानं तिला पाणी पाजलं, दोन बिस्किटं भरवली. तिचा चेहरा त्यानं इतका जवळून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. कपाळावरच्या आठ्याही पुसट झाल्या होत्या.

"आई, तू कशाला उठलीस काम करायला?"

"मी कुठे उठले?" ती झोपेतच हसली. "तूच केलंस ना सगळं... मला आवाज येत होते. गुणाचं गं माझं बाळ."

आणि ती परत झोपली. साहेब बिस्किटाचा पुडा तिथेच ठेवून बाहेर आला.

व्हरांड्यात खोल्या आवरणारी बाई चादरींची गाडी ढकलत येत होती. साठीची असेल. दर चार पावलांवर थांबून कमरेवर हात ठेवायची. तिच्याही छातीवर पट्टी होती.

"काकू, नऊ नंबर तुम्ही आवरलात का?"

"काकू म्हणू नकोस. पट्टी वाच आणि नाव घे."

त्यानं पट्टी वाचली, तिचं नाव घेतलं. तेव्हा कुठे ती थांबली.

"नऊ नंबरात मी पाऊल ठेवलेलं नाही. दाराला 'झोप मोडू नका' अशी पाटी अडकवलीय ना तुम्ही?"

"मग कपडे... चहा..."

बाईनं गाडीचा दांडा सोडला. "तुझे वडील आईला कशी हाक मारतात?"

"अगं म्हणतात."

"सांगितलं होतं ना काउंटरवर?"

"कोण आहे ती?"

"काय माहीत? इथे कामाला होती म्हणतात. मी यायच्या आधीची गोष्ट. सगळे तिला अगं, ए बाई, इकडे ये... एवढंच म्हणायचे. तिचं नाव कुणी कधी विचारलं नाही. आता कुणीही अगं म्हटलं की तिला वाटतं, आपल्यालाच." तिनं गाडी पुढे रेटली. "काम चांगलं करते. तक्रारीला जागा नाही. पण ती जिच्या वाटणीचं काम करते ना, त्या बाईला मग उठायचं कारण उरत नाही. आजच निघा."

साहेब खोलीत आला. आईच्या उशाशी बसला, तिचा हात हातात घेतला. भांडी घासून घासून खरखरीत झालेला तो हात आता मऊ लागत होता. बाप पलंगावर उशा चाचपत होता.

"बाबा, थांबा. बोलू नका..."

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

आईचे ओठ मिटलेले होते. साहेब त्यांच्याकडेच बघत होता.

"उशीच्या खाली बघा," न्हाणीघरातून आईचा आवाज आला. दिवसभराच्या कामानंतर आईच्या आवाजात जी धाप असते, ती तेवढी त्यात नव्हती.

बापानं उशी उचलली, चष्मा लावला आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यानं मान वर केली नाही. बायको कुठून बोलते हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. साहेबाच्या हातातला हात मात्र हलका झाला. नेमका तेव्हाच.

"बाबा, आई इथे आहे. माझ्याजवळ. मग ते कोण बोललं?"

"ऊन लागलंय तुम्हाला, साहेब."

"इकडे बघा! एकदा तरी बघा तिच्याकडे!"

बापानं चष्म्यावरून पाहिलं. पलंगावरच्या बाईकडे पाहिलं, मग न्हाणीघराच्या दाराकडे. दाराला धुरकट काच होती. काचेमागे वाकलेली एक आकृती काहीतरी पिळत होती. पाणी बादलीत पडत होतं... थांबत होतं... परत पडत होतं. बापाच्या तोंडाचा रंग उडाला. क्षणभरच. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग... बिघडलं काय? तिलाही विश्रांती, आपलंही अडत नाही."

साहेबानं आजवर बापाचं बरंच काही ऐकून घेतलं होतं. याच्याएवढं भयंकर काही ऐकलं नव्हतं.

"आपण आत्ताच निघतोय. चारची बस आहे," तो म्हणाला.

पिशव्या भरायला तो उठला, तर त्या दाराशी भरलेल्या उभ्या होत्या. त्यानं आईला हलवलं. गालावर पाणी मारलं. ती संथ श्वास घेत राहिली, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

"बाबा, नावानं हाक मारा तिला."

"मी? पोरासमोर?"

"बाबा!"

बापानं घसा खाकरला. जिभेवर कधी न ठेवलेला शब्द ओकावा तसं त्यानं ते नाव घेतलं. लग्नात त्यानंच ठेवलेलं. रेशनकार्डावरचं, बँकेतलं.

पलंगावर काहीच हललं नाही. न्हाणीघरातलं पिळणं थांबलं.

"आले हो..."

दाराची कडी आतून हळूहळू वर सरकू लागली. साबणाचा वास एकदम दाट झाला. साहेबाला कळलं, की हे नाव आईचं नव्हतंच. बापाची बायको म्हणून जी कुणी असेल, तिचं होतं ते. आणि ती तर आत उभी होती.

त्यानं मावशीला फोन लावला. आईच्या सख्ख्या बहिणीला.

"अरे, आज कशी आठवण झाली? नोकरीबिकरी लागली की काय?"

"मावशी, आईचं माहेरचं नाव काय?"

"तुला ठाऊक नाही?" मावशी हसली, मग हसायची थांबली. "...खरंच ठाऊक नाही?"

तिनं सांगितलं. बावीस वर्षांत साहेबानं ते पहिल्यांदा ऐकलं. ते इथे लिहीत नाही. उघड्यावर टाकलेलं नाव कुणीही उचलतं.

कडी पडली. दार बोटभर उघडलं. साहेब आईच्या कानाशी वाकला आणि ते नाव त्यानं एकदाच उच्चारलं.

आईनं डोळे उघडले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात ओळख नव्हती. दहा-बारा वर्षांची मुलगी अनोळखी माणसाकडे बघते तसं बघणं होतं ते.

"शाळेला उशीर झाला का?" ती म्हणाली.

मग तिला आठवायला लागलं. साहेब समोर बसून ते बघत होता. लग्नाची अठ्ठावीस वर्षं एकेक करून तिच्या तोंडावर परत आली. आधी आठ्या, मग डोळ्यांखालचं काळं, मग ओठांच्या कडा खाली ओढल्या गेल्या. हे सगळं आपण परत आणलं, आपल्याच तोंडानं हाक मारून, हे त्याला समजत होतं. तिची मर्जी त्यानं विचारली नव्हती.

"एवढ्यात उठवलंस?" ती म्हणाली. रागानं नाही. रागासाठी लागतं तेवढंसुद्धा तिच्यात नव्हतं.

साहेबानं पायानं न्हाणीघराचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. बादलीत पिळलेले कपडे होते, नीट पीळ घातलेले. ते तिथेच टाकून तिघं निघाले. दाराबाहेर बाप एकदा थबकला. खोलीकडे वळून उभा राहिला.

चारची बस अर्धी रिकामी होती. साहेबानं आईला खिडकीशी बसवलं, स्वतः शेजारी बसला. बाप दोन रांगा पुढे, मधल्या वाटेकडच्या सीटवर, खिडकीची सीट रिकामी सोडून. आजवर त्यानं खिडकी कुणाला सोडली नव्हती.

बस सुटली. नारळाची झाडं मागे पळू लागली. आईनं डोकं साहेबाच्या खांद्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. साहेबाचेही मिटत आले होते. घरी गेल्यावर भांडी कोण घासणार, हे त्यानं मनात ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात त्याला पुढून बापाचा आवाज आला. हलका, मऊ. हा आवाज बापाकडे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"दमलीस का?"

आईनं डोळे उघडले. तिनंही ऐकलं होतं. ती त्या दोन रांगांपलीकडे एकटक बघत राहिली, आणि साहेबाच्या दंडावरची तिची बोटं रुतू लागली.

बाप रिकाम्या सीटकडे मान कलवून थोडा वेळ थांबला. मग समजल्यासारखी मान डोलावली. मग अर्धवट उठून, कुणाला धक्का लागू नये इतक्या बेतानं त्या सीटवरून हात लांबवला, आणि तिच्यावर ऊन येत होतं म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला.