पूर्वेकडच्या स्टँडमधली खुर्ची

माझा नवरा लोकांना खुर्चीत बसवण्याचा पगार घ्यायचा. त्याच्या कार्डावर 'फॅन एक्स्पिरियन्स मॅनेजर' असं छापलेलं होतं आणि ते साताऱ्याला आईला फोनवर समजावून सांगताना माझी दमछाक झाली होती. "म्हणजे डोअरकीपर का गं?" तिने विचारलं. शिरीष शेजारीच बसला होता, तो खो खो हसला. तेव्हा तो हसायचा.

ही २०१४ सालची गोष्ट. सिंगापूरमध्ये जुरोंग ईस्टला एका कॉलेजने नवं कोरं बास्केटबॉल अरीना बांधलं होतं. स्टेशनातून बाहेर पडून मॉलला वळसा घातला की त्याचं पांढरं छप्पर दिसायचं. आत तेल दिल्यासारखं चकचकीत लाकडी कोर्ट, चारही बाजूंना निळ्या खुर्च्या आणि छताला टांगलेला चौकोनी स्क्रीन. खुर्च्या सिनेमा थिएटरसारख्या, माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या. प्रत्येकीच्या खाली सेन्सर होता. कुणी बसलं की स्क्रीनवरचा प्रेक्षकांचा आकडा एकाने वाढायचा. सगळा थाट होता, फक्त माणसं नव्हती. सिंगापूरची पोरं शनिवारी दुपारी ट्यूशनला जातात, नाहीतर झोपतात. पहिल्या मॅचला मी टाळ्या वाजवल्या, तर समोरच्या रिकाम्या स्टँडवरून त्या मला परत ऐकू आल्या.

शिरीषच्या बॉसने स्पष्ट सांगितलं होतं, सीझनच्या फायनलला अरीना पूर्ण भरलं पाहिजे. भरलं तर काँट्रॅक्ट वाढेल, नाहीतर गाशा गुंडाळा. आणि त्या काँट्रॅक्टवर माझी आई अवलंबून होती.

आई साताऱ्यात एकटी राहायची. माझा भाऊ निशिकांत दोन गल्ल्या सोडून होता, पण त्याचं आणि तिचं दोन दिवसांच्या वर पटायचं नाही. तिने आयुष्यभर मुलींच्या शाळेत पीटी शिकवलं. तिची बास्केटबॉलची टीम जिल्ह्यात गाजली होती आणि कोर्टाच्या कडेला उभी राहून ती रेफ्रीला जे बोलायची तेही गाजलं होतं. आता गुडघे गेले होते. "पाहुणी म्हणून नाही येणार, आले तर राहायलाच येईन," असा तिचा हेका होता. त्यासाठी लाँग-टर्म पास, म्हणजे इथे राहायचा परवाना लागणार आणि पाससाठी शिरीषची नोकरी पक्की व्हायला हवी. "अरीना भरलं की आईंना आणू. शब्द देतो, मधू," तो म्हणाला होता. मी त्या शब्दावर वर्ष काढत होते. आईची खोलीसुद्धा लावून ठेवली होती, नवी उशी आणि गुडघ्यांसाठी शेकायची पिशवी आणून.

म्हणून मी प्रत्येक मॅचला जायचे. घरचं माणूस तरी खुर्चीत दिसावं.

तिसऱ्या की चौथ्या मॅचला मी पूर्वेकडच्या स्टँडमध्ये वर चढले, कारण खाली एसीने हुडहुडी भरायची. बघते तर वरच्या दोन रांगांतल्या प्रत्येक मिटलेल्या खुर्चीच्या फटीत टिश्यू पेपरचं एकेक छोटं पाकीट खोचलेलं. इथे नव्याने येणाऱ्याला हे कळत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या हॉलमध्ये, जेवायच्या वेळी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून लोक खुशाल जेवण आणायला जातात आणि ते टेबल त्यांचं होतं. 'चोप' केलं म्हणतात त्याला. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, फक्त इथे भांडण होत नाही. पाकिटाला कुणी हात लावत नाही. शिरीषची आणि माझी ओळखच मुळी सातारा-पुणे गाडीत त्याने माझ्यासाठी टाकलेल्या रुमालामुळे झाली होती. त्यामुळे या रिवाजाचं आम्हाला दोघांना भारी कौतुक.

मी एक पाकीट उचलायला गेले तर प्रेक्षकांना जागा दाखवणारी कॉलेजची मुलगी धावत आली.

"आंटी, दॅट वन चोप ऑलरेडी. कॅनॉट सिट, लाह."

"पण कुणी आलंच नाहीये."

"कमिंग, कमिंग," ती म्हणाली, पण बोलताना रांगेकडे बघत नव्हती.

मी दोन रांगा सोडून खाली बसले. मॅच सुरू झाली तरी कुणी आलं नाही. आपल्या टीमचा पहिला बास्केट पडला आणि माझ्या पाठीमागे पाय आपटल्याचा आवाज झाला, बऱ्याच पायांचा. मी वळून पाहिलं. दोन्ही रांगांतल्या सगळ्या खुर्च्या खाली झुकलेल्या होत्या, उघड्या, आणि प्रत्येकीवर मधोमध टिश्यूचं पाकीट होतं.

मी वन-नॉर्थच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा, आणि शिरीषच्या मते माझा स्वभावही. मॅच संपल्यावर मी मुद्दाम एक खुर्ची हाताने दाबून पाहिली. स्प्रिंग इतकी कडक होती की मला दोन्ही तळव्यांवर भार टाकावा लागला. टिश्यूच्या पाकिटाने ती एक केसभरही हलली नसती.

"सेन्सर बिघडलेत तुझे," मी ट्रेनमध्ये शिरीषला म्हटलं.

"सेन्सर नवे आहेत."

"मग आकडा कुणाचा दाखवतात?"

"बसलेल्यांचा," तो म्हणाला आणि खिडकीबाहेरच्या इमारती बघत राहिला. बॉसने त्या दिवशी त्याची पाठ थोपटली होती.

पुढच्या मॅचला पाकिटांच्या रांगा वाढल्या. त्याच्या पुढच्या मॅचला पूर्वेचा स्टँड अर्धा झाला. मी नेहमीप्रमाणे शाल नेली होती, पण ती लागली नाही. त्या बाजूला हवा कोमट होती, गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये असते तशी. घामाचा, केसांच्या तेलाचा, ओल्या कपड्यांचा वास येत होता. स्टँडमध्ये इकडेतिकडे विखुरलेली मोजकी खरी माणसं होती आणि आरडाओरडा मात्र असा की समोरच्या टीमचा एक मुलगा फ्री थ्रो घेताना दोनदा थांबला आणि आमच्या दिशेने बघू लागला. शिरीष एका रांगेतून चालला होता. अंग चोरून, गुडघे एका बाजूला वळवून, "एक्स्क्यूज मी, सॉरी, एक्स्क्यूज मी" करत. त्या रांगेत कुणीही नव्हतं.

मी एका शनिवारी त्याच्याबरोबर लवकर गेले. तो खुर्च्यांमधून फिरत होता. एका खांद्यावर पाकिटांची पिशवी, कानाला फोन. "हो, हो, जागा धरलीय तुमच्यासाठी. याल ना?" मग तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि एका खुर्चीत पाकीट खोचायचा. मग दुसरा फोन. कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, एकदा मोडक्यातोडक्या मलायमध्ये.

"कुणाला बोलावतोयस?"

"ज्यांना यायचंय पण जमत नाही त्यांना. असे खूप असतात, मधू. कुणी मायेने विचारायचाच अवकाश असतो."

"जमत नाही तर येतात कसे?"

त्याने पुढचा नंबर लावला. मी स्वतःची समजूत घातली की हे माजी विद्यार्थी असतील, उशिरा येत असतील, सेन्सर खरंच बिघडले असतील. खोटं कशाला बोलू, मला आईला आणायचं होतं. आकडा वाढत होता आणि मी प्रश्न विचारणं बंद केलं.

फायनलच्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "आज भरतंय ना रे तुझं मैदान?" तिने शिरीषला विचारलं.

"भरणार आई, आज नक्की."

"मला एकदा तिथं बसून मॅच बघायचीय बाबा. टीव्हीवर मजा नाही."

"तुमची सोय करतोच," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जावयाचा सगळा गोडवा होता. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे वळला. "तुझ्यासाठी आज पूर्वेच्या स्टँडमध्ये जागा धरलीय. अगदी मधली. बसशील ना?"

"बसेन की," मी म्हटलं. मला बरं वाटलं होतं. इतक्या दिवसांत त्याने माझ्यासाठी काही राखून ठेवलं नव्हतं.

दुपारी अरीना दणाणत होतं. बाहेरच्या दारापर्यंत गलका ऐकू येत होता आणि आत गेल्यावर डोळ्यांना दिसत होत्या त्या नुसत्या उघड्या निळ्या खुर्च्या. उत्तर, दक्षिण, पश्चिम, सगळीकडे. खरी माणसं त्यांच्यात कुठेतरी तुरळक, कोर्टावर डोळे लावून, दोन्ही कोपर अंगाला चिकटवून बसलेली. स्क्रीनवर लिहिलं होतं, फक्त एक जागा शिल्लक.

पूर्वेच्या स्टँडमध्ये एकच खुर्ची मिटलेली होती.

मी रांगेत शिरले. माझ्या पोटऱ्यांना गुडघे लागले. एक, मग दुसरा, मग कुणीतरी पाय आत ओढून घेतल्याची हालचाल. मी "सॉरी" म्हटलं, तोंडातून आपोआप निघालं. खुर्चीपाशी पोचले. फटीत पाकीट होतं. मी ते उचललं आणि हाताने खुर्ची खाली केली. ती कडक नव्हती. अलगद उघडली, आणि गरम होती.

दोन्ही बाजूंनी कुणीतरी सरकून मला जागा करून दिली.

मी शिरीषला शोधलं. तो खाली कठड्यापाशी उभा होता. कोर्टाकडे त्याची पाठ होती. तो माझ्याकडे बघत होता, श्वास रोखून, आणि मी अजून उभी आहे म्हणून त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

तेव्हा मला कळलं. काय ते आजही नीट सांगता येणार नाही, पण आपल्याला इथे बसवलं जातंय, हे कळलं.

मी पाकीट टाकलं आणि गुडघे ढकलत बाहेर आले. खुर्ची माझ्यामागे खाडकन मिटली.

शिरीष जिन्यात भेटला. "मधू, एकच राहिलीय."

"तुला माहीत होतं?"

"बसून तर बघ. त्रास नाही होत कुणाला."

"तू विचारलंस त्यांना?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. ज्या माणसाने माझ्यासाठी खिडकीतून रुमाल टाकला होता, त्यानेच मला या खुर्चीत बसवायला आणलं होतं, आणि सकाळी मला त्याचा आनंद झाला होता. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

"बरं," तो शांतपणे म्हणाला. "तू नको."

त्याने खिशातून फोन काढला. मी दाराबाहेर पडले आणि काचेतून मागे पाहिलं. तो त्या रांगेत उभा होता, फोन कानाला, किंचित वाकून, हसत, मोठ्या माणसांशी बोलताना वाकतो तसा. मला वाटलं बॉसशी बोलतोय. त्याने खाली वाकून पाकीट पुन्हा खोचलं.

मी स्टेशनच्या जिन्यापर्यंतही पोचले नव्हते, तेवढ्यात मागे छप्पर उडेल असा जल्लोष झाला.

घरी येऊन मी बॅग काढली. दुसऱ्या दिवशीचं मुंबईचं विमान बघितलं. आईकडे जायचं, बाकी नंतर बघू. तिला फोन लावला, तिने उचलला नाही. तिची दुपारची वामकुक्षी असेल असं वाटलं.

संध्याकाळी शिरीष आला तो लिटिल इंडियातून पेढे घेऊन. हातपाय धुतले, डायनिंग टेबलाशी बसला, स्वतःच्या हाताने ताट वाढून घेतलं.

"फुल हाउस," तो म्हणाला. "काँट्रॅक्ट वाढलं."

"कोण बसलं तिथे?"

त्याने आमटीत भात कालवला. "पहिल्या क्वार्टरलाच रेफ्रीशी भांडायला लागल्या. आवाज अजून खणखणीत आहे हं. आजूबाजूचे सगळे हसत होते."

त्याने पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला.

"आणलं की नाही आईंना? शब्द दिला होता मी. लगेच हो म्हणाल्या, मधू. म्हणाल्या, गुडघे नाहीत दुखत."

टेबलावरचा माझा फोन वाजू लागला. निशिकांतचं नाव होतं.

मी हात पुढे केला नाही. फोन थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत राहिला. शिरीषने तो उचलून माझ्यासमोर नीट ठेवला, आणि मग उठून पंखा कमी केला, मला स्पष्ट ऐकू यावं म्हणून.