बिल्ल्यामागचं नाव

आबांसाठी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या होत्या. वर पंखा नको, दारातला वारा नको, अशी जागा बघून. शिपाईकाकांना बाईंनी तीनदा बजावलं होतं, "आबा आले की हाताला धरून वर आणा हं. पाठ दुखते त्यांची."

आणि आबा आले ते दोन-दोन पायऱ्या गाळत. नेमक्या त्याच वेळी बाई नावांच्या बिल्ल्यांचा ट्रे घेऊन खाली निघाल्या होत्या. व्हायचं तेच झालं. पुठ्ठ्याचे चाळीस बिल्ले जिनाभर पसरले.

"माफ करा, माफ करा हं!" तो तरुण खाली बसून बिल्ले गोळा करू लागला. नखांच्या कडेला काळं वंगण, पण शर्ट कडक इस्त्रीचा.

"लहान मुलांची शाळा आहे ही, जरा बघून चालावं माणसानं! कोण हवंय तुम्हाला?"

त्यानं एक बिल्ला उलटून वाचला आणि गुपचूप खिशावर लावला. 'आबा.'

"अहो, तो एका आजोबांचा आहे!"

"मीच तो," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "पाठ खरंच दुखते."

बाईंचं वय सव्वीस. आपण तिला सरळ 'ती' म्हणू, तिलाही बरं वाटेल. आज तिच्या वर्गात आजी-आजोबांचा दिवस होता. घरी त्यांना काय म्हणता, हे तिनं आठवडाभर मुलांना विचारून लिहून घेतलं होतं. नाना, अण्णा, माई ही मंडळी होतीच. शिवाय एक मोठी आई, एक गच्चीवरची आजी, आणि फोनवरच भेटतात म्हणून एक 'हॅलो आजोबा'. एका आजीला तर नातवंडं चक्क 'वहिनी' म्हणायची. धाकट्या दिरानं पाडलेली सवय मुलांनी उचलली, मुलांची नातवंडांनी.

बटण नावाच्या पाच वर्षांच्या मुलीनं सांगितलं होतं, "आबा."

"काय करतात आबा?"

"सायकली नीट करतात. चष्मा लावतात. पाठ दुखते त्यांची. संध्याकाळी कटकट करतात."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आता समोर चष्मा लावून उभे होते ते आबा एकोणतीस वर्षांचे होते.

"दुकान आजोबांचं," तो हळू आवाजात सांगू लागला. "त्यांना सगळे आबा म्हणायचे. ते गेले, वडील दुकानातल्या स्टुलावर बसले, ते आबा झाले. सात वर्षांपूर्वी मी बसलो... दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, 'आबा, हवा भरा.' भरली."

"अहो, पण नाही म्हणायचं ना!"

"अख्ख्या गल्लीला? धाकटी बहीण तेवढी दादा म्हणते. तिची ही मुलगी, तीही गल्लीचं ऐकून आबाच म्हणायला लागली." त्याचा आवाज आणखी उतरला. "तिला दोन्हीकडचे आजी-आजोबा कोणीच नाहीत, बाई. सगळ्यांचे येणार म्हणून चार दिवस नाचतेय. हाकलू नका. हवं तर उशा घेतो मी पाठीला."

तिला हसू आलं. उशा तिनं स्वतःच नीट लावून दिल्या.

आजी-आजोबांनी मुलांना एकेक गोष्ट शिकवायची होती. कुणी कागदाची होडी केली, कुणी बुटाची नाडी बांधून दाखवली. या आबानं सायकलचं सुटं चाक आणलं होतं. आस एका हातात धरून दुसऱ्या हातानं ते फिरवलं, आणि फिरतं चाक तिरकं केलं की ते हाताला कसं ढकलतं हे एकेका पोराला दाखवलं. बटण त्याच्या गुडघ्याला चिकटून सगळ्यांना सांगत होती, "माझे आबा आहेत!" आपली 'ती' मात्र चाकाऐवजी त्याचे हात बघत बसली.

"चांगला आहे गं," वहिनी तिच्या कानाशी म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नजर मात्र सुईची.

"कोण?... चाक ना?"

"हो, चाकच." वहिनी गालात हसली. "मला एकोणिसाव्या वर्षी वहिनी केलं सगळ्यांनी. मग आमची पोरंही वहिनीच म्हणायला लागली. माझ्या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता. आमचे हे. ते नाव ऐकलं की वाटायचं, आहोत बाई आपण अजून."

कार्यक्रम संपला. बिल्ले परत घेताना ती त्याला म्हणाली, "मागे खरं नाव लिहा. शाळेला नोंद लागते."

हे मात्र साफ खोटं होतं.

त्यानं पेन्सिल घेतली आणि थांबला.

"काय झालं? आठवत नाही?"

"आठवतंय... लिहायची सवय राहिली नाही." त्यानं नाव लिहिलं. बाकीचे बिल्ले कपाटात गेले. हा तिच्या पर्समध्ये गेला.

त्यानंतर तिच्या सायकलला काय झालं कोण जाणे! दर दोन दिवसांनी हवा जायची. सोमवारी पुढचं चाक, बुधवारी मागचं.

"पंक्चर दिसत नाही," तो ट्यूब पाण्यात बुडवून म्हणायचा.

"नीट बघा ना, आबा."

"नीटच बघतोय," तो म्हणायचा, आणि ट्यूबकडे बघत नसायचा.

असे तीन आठवडे गेले. मग एक दिवस त्यानं मान वर न करताच विचारलं, "व्हॉल्व्ह तुम्हीच सैल करता ना?"

तिचे कान तापले. "मी... कशाला करीन?"

"नका करू, बाई." पान्हा त्याच्या हातात उगाच फिरत होता. "लोक बघतात. या स्टुलावर बसलेल्या माणसानं... हे असलं सगळं... आबाला शोभत नाही. माझं ते वय गेलं."

"एकोणतीस!" ती म्हणाली. आणि सायकल ढकलत निघून गेली.

आठ दिवस ती चालत शाळेत गेली. मनाशी ठरवलं, झालं, संपलं. शेजारची स्टेशनरी, समोरची इस्त्री, सगळी गल्ली त्याला आबा म्हणते. आपणही तेच म्हणत होतो! त्यानं तरी दुसरं कोण होऊन उत्तर द्यायचं? हे तिला एका दुपारी वह्या तपासता तपासता उमगलं. तशीच उठली.

दुकानात गर्दी होती. "आबा, ब्रेक!" "आबा, माझं आधी!" तो पाठमोरा, वाकलेला. बटण कोपऱ्यात नट मोजत बसली होती. ती स्वतः रस्त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर थांबली आणि तिनं हाक मारली. त्याच्या नावानं. मोठ्यांदा.

त्यानं वळून पाहिलं नाही. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतंय, असं वाटलं असणार.

तिनं पुन्हा हाक मारली. "अरे, तुलाच म्हणतेय!"

पान्हा खाली पडला. तो उठला तो पाठ ताठ करून, आणि समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, हातपुसणं खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून आला. इस्त्रीवाला इस्त्री थांबवून बघत होता. बघेना का!

"परत एकदा," तो म्हणाला.

"काय?"

"हाक मार ना..."

या वेळी तिनं अगदी हळू मारली. काय नाव होतं? तेवढं मी सांगायची नाही. गल्लीला आबा आहे, तो पुरे.

"मामीची सायकल बिघडली का?" दुकानातून बटण ओरडली. तिला हे कुणी शिकवलं, याचा तपास अजून लागलेला नाही. वहिनीवर सगळ्यांचा संशय आहे.

"आणि तुझं?" त्यानं विचारलं. डोळे भरून आले होते आणि तो लपवतही नव्हता. "मी काय म्हणू तुला? बाई सोडून?"

तिनं पर्समधून बिल्ला काढला. पुढे 'आबा', मागे त्याचं नाव. त्याखाली तिनं आपलं नाव केव्हाच लिहून ठेवलं होतं.

त्यानं ते एकदा मनात वाचलं, आणि मग मोठ्यांदा म्हणून पाहिलं.