खिडकीतली लुडमिला

खिडकीतल्या म्हातारीनं जिरेनियमच्या कुंड्यांना पाणी घातलं, रस्त्याकडे बघून ती हसली, आणि कलाकाकूंनी सवयीनं हात हलवला. झारीतून धार पडत होती, पण खालचा फरसबंदी रस्ता कोरडा ठणठणीत होता.

चेस्की क्रुमलोव्ह. चेक देशातलं जुनं गाव, नदीनं वेटोळं घालून कुशीत घेतलेलं. पहिल्यांदा येणाऱ्यानं इथं काय काय बघावं ते सहल काढणाऱ्या कंपनीच्या निहारनं बसमध्येच घोकून घेतलं होतं. रंगवलेला गोल मनोरा, एकावर एक कमानी चढवलेला पूल, किल्ल्याच्या खंदकातली अस्वलं. "आणि सगळ्यात भारी म्हणजे इथली माणसं," तो म्हणाला होता.

माणसं? माणसं कधीच गेली होती. घरांची भाड्याच्या खोल्यांत वाटणी झाली, वाण्याच्या दुकानात फ्रिजला चिकटवायच्या चकत्या आल्या, शाळेत बिअरचं संग्रहालय आलं. मग पर्यटक नावाची ही जमात, गाव खाऊन झाल्यावर ढेकर देऊन कुरकुरायला लागली की गाव कसं मेल्यासारखं वाटतं! त्यावर कंपनीनं तोड काढली. भिंतींना, चौकटींना प्रकाशलेप दिला. भर उन्हातही त्यातून माणूस उभा राहतो. चार दिवस खऱ्या माणसाच्या मागं यंत्र लावायचं, चालणं-बोलणं-खोकणं टिपायचं, आणि त्याला गावाबाहेर फ्लॅट द्यायचा. मागं उरतो तो छायाजन. हाक मारली तर त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्याच वळणानं उत्तर देतो.

"वहिनी, भाडं नाही, पाणीपट्टी नाही, रुसवाफुगवा नाही," बबनराव पोटफोडे म्हणाले. "आमच्या हिची अशी छाया मिळाली तर मूळ प्रत मी आजच परत करतो."

सगळे हसले. पुण्याच्या तांबट आळीतली ही मंडळी फुकटात युरोप बघत होती, आणि का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीला आता तांबट आळी हवी होती. भांडी ठोकणारे छायाजन, दारात निवडत बसलेल्या छायाबाया. सगळी घरं तयार होती, एक सोडून. आळीच्या तोंडाचं घर कलाकाकूंच्या जावेच्या, सगुणाच्या नावावर होतं. सगुणा मोतीबिंदूनं अधू. तिचं एकच म्हणणं होतं, "कला म्हणेल तसं." ते एक घर अडलं की सगळ्यांचे फ्लॅट अडले. म्हणून ही सहल, म्हणून विमानात खिडकीची जागा, म्हणून "काकू, दमलात का?"

काकूंनी आदल्या दिवशी एक गाढवपणा केला होता. म्हातारी सारखी बघून हसते म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. पिशवीतली स्टीलची वाटी काढली, दोन बेसनाचे लाडू ठेवले आणि वाटी त्या ठेंगण्या खिडकीच्या कट्ट्यावर सरकवली.

"चित्राला नैवेद्य!" बबनराव ओरडले. निहारनं फोटो काढला.

आज कट्ट्यावर तीच वाटी होती. घासलेली, लख्ख. आत चार निळसर प्लम.

काकू तिथंच थबकल्या. आळीत शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. साखरेची चिमूट तरी घालतातच. आणि चित्रं काही वाट्या घासत नाहीत.

"चला, अस्वलं बघायला!" निहारनं झेंडा उंचावला.

"तुम्ही व्हा पुढं. माझा गुडघा धरलाय," काकू म्हणाल्या, आणि सगळे वळल्यावर त्याच गुडघ्यानं तरातरा बोळातून घराच्या मागं गेल्या.

मागच्या दाराशी चादरींचं बोचकं घेऊन एक बाई उभी होती. खिडकीतलाच चेहरा, पण दहा वर्षं जास्त जगलेला. गाल बसलेले, पाठीला पोक. काकूंना बघून ती आधी दचकली, मग त्यांच्या हातातल्या वाटीकडे पाहून तिचे डोळे निवळले. काकूंच्या कानातल्या दुभाष्या यंत्रानं तिचे शब्द मराठीत उतरवले.

"लाडू तुमचे? या घरात मला कुणी काही दिलं, त्याला युगं झाली."

"तुम्ही खिडकीतल्या...?"

"ती लुडमिला. मी पण लुडमिला. घर माझं होतं. आता पाहुण्यांच्या चादरी बदलते."

"मग पुढच्या दारानं का येत नाही, बाई?"

"मनाई आहे. उजेड आहे तोवर पुढच्या रस्त्यावर मी दिसायचं नाही. दोघी एकदम दिसलो की पाहुणे घाबरतात."

काकूंच्या तोंडून शिवी निघाली. दुभाष्यानं ती गाळली असावी, कारण लुडमिला शांतपणे बोलतच राहिली.

"त्याचं काही नाही हो. गेल्या उन्हाळ्यात माझी बहीण आली परदेशातून. खिडकीशी तासभर बोलली. मी इथं, या दारामागं, ऐकत होते. मी बाहेर आले तेव्हा म्हणाली, 'तुझ्याशी सगळं बोलून झालंय की.' आणि बस पकडायला गेली."

काकूंनी तिचा हात धरला. साबणानं चिरलेला, ऊबदार हात. गावात आल्यापासून इथल्या खऱ्या माणसाचा झालेला पहिला स्पर्श.

जेवायला सगळे नदीकाठच्या खानावळीत जमले. काकू बसल्याही नाहीत.

"निहार, घर द्यायला माझा नकार. सगुणाचाही."

बबनरावांच्या हातातला चमचा खाली आला. "वहिनी, डोकं फिरलं का? माझ्या पोराचं लग्न त्या फ्लॅटवर ठरलंय!"

"पोराचं लग्न लावाल, भाऊजी, आणि सुनेनं सासऱ्याला भिंतीवर बघायचं?"

"भिंतीवर तर भिंतीवर! आळीत आहे काय आता? ठोकून ठोकून कान गेले माझे, तांब्याचं भांडं कोणी घेत नाही!"

ते खरं होतं. तरी काकू हलल्या नाहीत. "कान गेले ते तुमचेच गेले ना? तेवढे तरी तुमचे राहू द्या."

निहार चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं काकूंच्या गळ्यातल्या ओळखबिल्ल्याला बोट लावलं. विमानतळावर सगळ्यांच्या गळ्यात घातलेला, हरवू नये म्हणून.

"काकू, तुमची मर्जी. फक्त तुमच्या छायेची चाचणी कालच सुरू झाली. आळीच्या कोपऱ्यावरचं दुकान आम्ही घेतलंय ना, त्याच्या ओट्यावर. तुमचा आवाज यातनं फार छान उतरलाय."

"मी सही दिलेली नाही!"

"सही घराला लागते, काकू. चारचौघांत दिसणाऱ्या चेहऱ्याला लागते असं कुठल्याच कायद्यात अजून लिहिलेलं नाही."

काकूंनी तिथंच फोन लावला. पुण्यात दिवेलागण झाली असेल. सगुणानं उचलला.

"कोण?"

"मी कला."

"कला?" सगुणा हसली. "थट्टा करतेस होय? दोन पावलांवर ओट्यावर बसलीयस आणि फोन कसला करतेस? थांब, येतेच. तू म्हणालीस तसा अंगठा उठवायलाच निघालेय, ती माणसं आलीत."

"सगुणा, ऐक! मी अजून परदेशात आहे. ओट्यावरची ती मी नाही. तिच्या अंगाला हात लावून बघ. अंगठा उठवू नकोस!"

पलीकडे सगुणाची काठी फरशीवर थांबली.

"ती नाही तर कोण? सकाळपासून माझ्याशी बोलतेय. माझ्या आईचं नाव घेतलं तिनं. आणि तू... तुझा आवाज कसा लांबून, यंत्रातून आल्यासारखा येतोय गं."

"कारण मी लांब आहे, बाई!"

तेवढ्यात फोनमधून, सगुणाच्या मागून, दुसरा आवाज आला. किंचित बसलेला, प्रेमळ, वाक्याआधी घसा खाकरणारा. कलाकाकूंनी स्वतःचा आवाज ओळखला.

"सगुणा, कोण गं ती? काय म्हणतेय?"

आणि सगुणाची काठी फरशीवर पुन्हा वाजू लागली.