विसर्जनाची वाळू

अमेरिकेत गणपती बसवणं सोपं हो, विसर्जनाला नदी शोधा! हिमानी आणि यतीनला या वर्षी नदी सापडली ती काय भारी! त्यांच्या पार्सिपनीतल्या घरापासून तासाभरावर, डेलावेअर नदीच्या काठी एक चिमुकलं गाव. दगडी घरं, छोटंसं चर्च, गुलाबांची कुंपणं... इंग्लंडहून आलेल्या लोकांनी कधीकाळी वसवलेलं, अजून तसंच्या तसं.

शाडूची मूर्ती पाण्यात गेली. मग घरच्या रीतीप्रमाणे हिमानीनं रिकाम्या पाटावर नदीतली मूठभर वाळू घेतली, घरी आणली, आरती करून देव्हाऱ्यात ठेवली. सगळेच करतात.

त्याच संध्याकाळी त्यांच्या पाच वर्षांच्या रुहीचे केस ओले झाले. पुसा, ड्रायर फिरवा, पुन्हा टपटप. अंग बर्फासारखं गार. खाणं बंद. डॉक्टर म्हणे, रिपोर्ट नॉर्मल! पोरगी डोळ्यांदेखत विझत चाललेली, यार.

शेवटी हिमानीनं वाळू पिशवीत भरली, रुहीला कारसीटवर बसवलं आणि निघाली.

"वेड लागलंय तुला!" यतीन फोनवर ओरडला. "हॉस्पिटलमध्ये ने तिला!"

"नेलं होतं ना रे... काय केलं त्यांनी?"

भर दुपार, पण गावात चिटपाखरू नाही. चर्चमागे कुजक्या पानांचा वास. एक गोरी म्हातारी फुलांना पाणी घालत होती. पिशवीतली वाळू बघून तिचा हात थांबला.

"कुठून उचललीस ही?"

हिमानीनं काठाकडे बोट दाखवलं.

"तिथे पूर्वी नदी नव्हती..." म्हातारी हळूच म्हणाली. "पुरानं काठ नेला. लहान मुलांच्या कबरी होत्या तिथे."

हिमानी धावतच सुटली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं पिशवी उपडी केली, झटकली, खळखळून धुतली.

"घे गं बाई, तुझं तुला. माझी मला दे... प्लीज..."

धापा टाकत गाडीशी आली, रुहीच्या डोक्यावर हात ठेवला. केस कोरडे! गाल गरम!

"मम्मा, आय ॲम हंग्री."

तिला कवटाळून हिमानी हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं गाडी काढली. चर्च मागे पडलं, गाव सुटलं.

टिंग. टिंग. टिंग.

डॅशबोर्डवर लाल दिवा. शेजारी कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की लागतो ना, तो. हिमानीनं मान वळवली. सीट रिकामी. साधी पर्ससुद्धा नाही.

टिंग. टिंग.

"मम्मा..." मागून रुही कुजबुजली, "शी डझन्ट नो हाऊ टू बकल."