श्रीधररावांनी धुतलेला दगड

श्रावणातली सकाळ होती, उन्हातच भुरभुर पाऊस. सोसायटीच्या कुंपणासाठी फाटकाशी रांध्याच्या खाणीतून ट्रकभर काळा दगड आणून टाकला होता. मी पदर खोचून त्या ढिगाऱ्याशी वाकले होते, तेवढ्यात कुणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरली.

"काही हरवलंय का?"

"नाही. सापडलंय."

वर पाहिलं — पांढरी मिशी, चष्म्यावर थेंब. समोरच्या इमारतीत नुकतेच राहायला आलेले श्रीधरराव. मूळचे पुण्याचे, इथे सिल्वासातल्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले, एकटेच. मी हातातला दगड पुढे केला. त्याच्या पोकळीत मधाच्या रंगाचे टोकदार स्फटिक चमकत होते.

"हे आत कुणी बसवलं?"

"पाण्यानं." मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, सवय सुटत नाही. "लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. मग दगडातून पाणी झिरपत राहिलं, आणि त्यात विरघळलेले क्षार कणाकणानं आत जमत गेले. हा कॅल्साइट. खनिज म्हणजे हेच — निसर्गात आपोआप घडलेलं, आतल्या कणांची मांडणी ठरलेली."

"किती वर्षं लागली असतील?"

"हजारो. कदाचित लाखो."

"मग आपल्याला फार उशीर झाला, असं म्हणायला नको..." ते बोलून गेले आणि स्वतःच इतके गोंधळले, की छत्री मिटून टाकली. दोघंही भिजलो.

त्यानंतर ते रोज सकाळी चहाला येऊ लागले. माझ्याकडे कामाला येणारी दुर्गा तोंड वळवून हसायची. "बाई, सायबांच्या कपात साखर अर्धीच ना?" हे तिला माझ्याआधी पाठ झालं होतं. कधी आम्ही बसनं खानवेलला जायचो, नदीकाठी दगड शोधायला.

"मॅडम, ही पिशवी आहे की शिक्षा?"

"शिक्षाच. गारगोटीला कॅल्साइट म्हणालात ना मघाशी?"

आमचे हे गेल्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी मुद्दाम आरशात पाहून केस सारखे केले नव्हते. आता करू लागले होते.

आणि आशिषचा, माझ्या मुलाचा, नाशिकहून फोन आला. "आई, रविवारी गाडी घेऊन येतो. आता तू कायमची इकडेच ये. तो फ्लॅट विकून टाकू."

श्रीधररावांना सांगितलं. ते कपात बघत राहिले. "बरं," म्हणाले, एवढंच. मला राग आला... कशाचा, ते कळत असूनही.

जाताना त्यांनी तो पहिला दगड मागितला. "तुम्ही जाण्याआधी चकचकीत करून देतो."

शनिवारी ते दारात उभे राहिले, हातात वर्तमानपत्राची पुडी. आत काळा दगड होता. पोकळी रिकामी, एकही स्फटिक नाही.

"बॉयलरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो ना... तीस वर्षं तो ॲसिडनं धुऊन काढला. हात सवयीनं तिकडेच गेला. फेस आला, तर मला वाटलं, मळ निघतोय."

"अहो, तुमच्या नळ्यांतला थर आणि हे स्फटिक — दोन्ही बहुतेक कॅल्साइटच. ॲसिडात विरघळणारच."

"वाचलं नंतर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या नाशिकच्या घरात माझ्या हातचं काहीतरी असावं, म्हणून... नाही, खरं सांगतो. चार दिवस मला एकच म्हणायचं होतं. जाऊ नका."

अकरा वर्षं सगळे मला 'ये' म्हणत होते. 'जाऊ नका' कुणी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा म्हणा," मी म्हणाले.

"जाऊ नका... रजनी."

मी तिथेच उभी राहून आशिषला फोन लावला. "उद्या ये, पण जेवायलाच ये. मी सामान बांधलेलं नाही."

"का गं? बरी आहेस ना?"

"चांगली आहे. जेवायला आणखी एक जण आहेत, ते सांगतील."

फोन ठेवला, तर श्रीधररावांना घाम फुटलेला. "मी काय सांगू त्याला?"

"सांगा, की तुझी आई इथेच राहणार आहे. माझ्यासोबत."

मग त्यांनी चपला काढल्या, माझ्या चपलांशेजारी नीट लावल्या, आणि आत आले.