दोरी लागेपर्यंत

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे उभी होते, एवढंच सांगते.

लोक म्हणतात, असल्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारी घडली. कोरोग्वे गावाजवळच्या घायपाताच्या कारखान्यात, सगळ्या पाळीच्या देखत.

मी झुहुरा. पाती सोलायच्या मशीनवर होते. आम्ही बायका सरकत्या पट्ट्यावर पाती पसरायचो. पट्टा ती आत ओढून न्यायचा, आतला ढोल ती चिरडायचा आणि पलीकडून धागा बाहेर पडायचा. पातीबरोबर हात गेला, तर हातही गेला.

माझ्या शेजारी असुमिनी आणि तिची आई.

असुमिनी विशीतली, मला मावशी म्हणायची. तोंडाची फटकळ. कुणी कामात हयगय केली की दातांतून लांबलचक हवा ओढायची... "च्स्स्स्स..."

आमच्याकडे हा आवाज वडीलधाऱ्यांसमोर काढणं म्हणजे थेट अपमान. आईने तिला त्यावरून कितीदा बदडलं. सवय काही गेली नाही.

मशीन बंद करायचं बटण पार टोकाला होतं, चालकापाशी. असुमिनीचं मागणं एकच. पट्ट्याच्या कडेने दोरी लावा. कुणाचा हात अडकला की तिने नाहीतर शेजारणीने ओढायची, मशीन बंद.

कारखान्यात सुरक्षा समिती होती. कामगारांची माणसं त्यात मुकादम शेमडोए स्वतःच नेमायचा. ती चहा पिऊन, अंगठा देऊन परत यायची. असुमिनी त्या बैठकीत न बोलावता गेली. शेमडोए हसला. म्हणाला, दोरी दिली तर बाया घडोघडी ओढून गप्पा हाणत बसतील.

ती म्हणाली, "हात आमचे आहेत, मुकादम. तुमचे असते तर दोरी कधीच लागली असती."

शेमडोएने तिला बैठकीतून बाहेर काढलं.

त्यानंतर पाऊस संपता संपता, एका सकाळी पातीचा सुटलेला ओला धागा तिच्या मनगटाला गुंडाळला गेला. आम्ही ओरडलो. त्या खडखडाटात चालकाला काही ऐकू गेलं नाही. तिची आई पट्ट्याच्या कडेने धावत सुटली. बटणापर्यंत पोचली. दाबलंही.

उशीर झाला होता.

त्याच दिवशी आम्ही तिला माती दिली.

आमच्यात बाईला लेकराच्या नावाने हाक मारतात. आता तिच्या आईला काय म्हणायचं, कुणाला सुचेना. तिनेच सांगितलं, "असुमिनीची आईच म्हणा. ते तरी राहू द्या."

काही आठवड्यांनी ती कामावर परत आली. त्याच जागेवर उभी राहिली.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची वेळ. मशीन जोरात चाललं होतं. आणि एकदम...

बंद.

एवढ्या आवाजानंतर ती शांतता कानाला बोचली. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. बस्स.

चालक हात वर करून ओरडला, मी हात लावला नाही. बटण चालूवरच होतं. वीजही होती.

तेवढ्यात म्हातारी साउमू किंचाळली. तिच्या कमरेला गुंडाळलेल्या कापडाचं, कांग्याचं टोक पट्ट्याच्या साखळीत गेलं होतं. वीतभर अंतर राहिलं होतं, आतला ढोल...

आणि त्या शांततेत आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"च्स्स्स्स..."

असुमिनीची आई पट्टा सोडून आवाजाच्या दिशेने वळली.

मग असं वारंवार होऊ लागलं. एकदा माझीच बोटं होती. मला कळायच्या आत मशीन थांबलं... आणि तो आवाज. टांगा शहरातून मेकॅनिक आला, मशीन खोलून पाहून गेला. दोष सापडला नाही.

बाया घाबरल्या. तिची आई मात्र बदलली. डोक्याला तेल लावून कामावर येऊ लागली. मशीन थांबलं की डोळे मिटून उभी राहायची. घरी जाताना मला हळूच विचारायची, आज जरा चिडलेली वाटली ना?

मी हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

पुढे कामगार खात्याचा अधिकारी आला. त्याने बजावलं, समितीतली कामगारांची माणसं कामगारांनीच निवडायची. आम्ही हात वर करून असुमिनीच्या आईला निवडलं. सोबत मला.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन बसली. मी मक्याच्या पिठाची उगाली वाढली, तिने हात लावला नाही. मग म्हणाली, "झुहुरा, दोरी लागली तर ती कशाला येईल गं?"



बैठकीत दोरीचा विषय निघाला. शेमडोए खुर्चीत रेलला. अर्धवट थट्टेत म्हणाला, "आता दोरी कशाला? पोरगी आहेच की लक्ष ठेवायला."



असुमिनीची आई उठली. 

"माझी पोर मेल्यावरही तुमची ड्युटी करतेय," ती म्हणाली. "तिला आता सुट्टी द्या. दोरी लावा."

आणि तिने हात वर केला. मग मी. मग चालक, तोही समितीत होता. शेवटी कारखान्याच्या साहेबांनीही मान हलवली.

दोरी लागली. लाल रंगाची, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या दिवसापासून मशीन आपणहून कधीच थांबलं नाही.

आम्ही दोरी ओढायचो, कुणाचा हात वाचायचा. मशीन थांबलं की ती कान देऊन उभी राहायची. काहीच नसायचं. पाणी ठिबकायचं, तेवढंच.

एके दुपारी काही अडकलं नव्हतं. कुणाचा हात जवळही नव्हता. तिने दोरी ओढली.

मशीन थांबलं.

ती डोळे मिटून उभी राहिली. आम्ही सगळ्यांनी हात मागे घेतले. शेमडोए दारात उभा होता.

पाण्याचा थेंब पडला... मग आणखी एक...

"नाही," ती पुटपुटली. तिने डोळे पुसले. "चला, सुरू करा."

चालक वळला. आणि माझ्या उजव्या कानाशी, श्वास लागेल इतक्या जवळून, कुणीतरी म्हणालं...

"आईला सांगू नको, मावशी."

मी वळून पाहिलं. उजवीकडे भिंत होती.

मशीन सुरू झालं.

असुमिनीची आई आता लुशोटोला भावाकडे असते. दर ईदेला फोन करते. ख्यालीखुशाली विचारते. फोन ठेवायच्या आधी थोडी थांबते. मग विचारते, "झुहुरा, त्या दिवशी तुला काही ऐकू आलं होतं का गं?"

मी नाही म्हणते.

ती बरं म्हणते. पण फोन लगेच ठेवत नाही.